मुक्काम पोस्ट माळरान

१६२७च्या नोव्हेंबरात बनारसी नावाचा एक जासूद जुन्नरला पोचला. काश्मीरहून लाहोरकडे परतताना बादशहा जहांगीर वाटेतच वारला होता, आणि ती खबर आपल्या जावयाला कळवण्यासाठी असफखानानं या गड्याला दख्खनकडे पिटाळलं होतं. वीसेक दिवसांत त्यानं ते अंतर कापलं. जावई म्हणजे शहाजादा खुर्रम. बापाविरुद्धचं बंड फसल्यावर तो कुटुंबकबिल्यासह जुन्नरला येऊन राहिला होता. खबर मिळाल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं मुक्काम हलवला, गुजरातमार्गे आग्रा गाठलं आणि १६२८च्या सुरुवातीला शाहजहान म्हणून तो तख्तावर बसला.

मुघलांना बिऱ्हाड हलवण्याची सवय होती, आणि त्यासाठी त्यांच्याकडे एक साधी पण खर्चिक युक्ती होती. तळाचे दोन संच ठेवायचे. एका संचात बादशहा आज झोपणार, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असणार. या पुढे जाणाऱ्या संचाला ‘पेशखाना’ म्हणत. औरंगजेबाबरोबर काश्मीरला गेलेल्या फ्रेंच प्रवासी बर्निएनं त्याचं वर्णन केलं आहे: साठाहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल. अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या एका तळाचा हिशेब दिला आहे, तो याहून मोठा: १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल, शिवाय १००० फरास, १०० भिस्ती, १५० झाडूवाले. तळाची मांडणी दर ठिकाणी तीच. कोणाचा डेरा कुठे, बाजार कुठे, तोफा कुठे, हे ठरलेलं. त्यामुळे रात्री उशिरा पोचलेला शिपाईसुद्धा उंच खांबावर लटकवलेला आकाशदिवा पाहून आपली जागा शोधू शके.

आदल्या दिवशी कोणीतरी पुढे जायचं, आणि प्रत्येक वस्तूची जागा कधी बदलायची नाही. जुन्नर-आंबेगावच्या माळावर मुक्काम करणाऱ्या बहुतेकांनी ही दोन सूत्रं पाळली आहेत. हत्ती मात्र फक्त बादशहाकडे होते.

हा भागच मुळी वाटसरूंचा. सातवाहनकाळात कल्याण-सोपाऱ्याहून आलेला माल नाणेघाटानं वर चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे, वाटेवर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि माथ्यावर दगडी रांजण आहे. लोक सांगतात की त्यात जकातीची नाणी टाकत. टाकी मात्र सांगोवांगीची गोष्ट नाही. जिथे पाणी तिथे उतारा, आणि जिथे उतारा तिथे रोज संध्याकाळी ओझी उतरवणं आणि पहाटे पुन्हा लादणं आलंच. लादणीच्या बैलांचे तांडे पुढे शतकानुशतकं असंच चालत राहिले. इंग्रज व्यापारी पीटर मंडीनं १६३२मध्ये उत्तरेत १४,००० बैलांचा एक तांडा पाहिला. बायकामुलांसह सगळं घर बैलांबरोबर चालत होतं आणि दिवसाची मजल सहा-सात मैलांपेक्षा जास्त नव्हती. ओझं उतरलं की बैल चरायला मोकळे. गती कमी ठेवली तरच जनावर टिकतं, आणि जनावर टिकलं तरच दुसऱ्या दिवशी तळ उठतो.

मराठ्यांनी नेमका उलटा रस्ता धरला. ३० एप्रिल १६५७च्या रात्री शिवाजी महाराजांच्या माणसांनी दोरीच्या शिड्या लावून जुन्नरचा कोट ओलांडला आणि तीन लाख होन, दोनशे घोडी, दागिने, कपडे घेऊन ते निघून गेले. असा छापा घालणाऱ्या फौजेला जनान्याचा डेरा परवडत नाही. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या लष्कराचा जो कायदा दिला आहे, त्यात फौजेबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई आहे. दसऱ्याला निघायचं, आठ महिने बाहेर काढायचे आणि पावसाळ्यात छावणीला परतायचं. तळ झटपट उठावा म्हणून त्यांनी कुटुंबच घरी ठेवलं.

दीडशे वर्षांनी हा नियम पार विरला होता. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०९मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेली पत्रं १८१३मध्ये लंडनला पुस्तकरूपानं छापली गेली. त्यात फौजेमागे बाजार, बायकामुलं, भिकारी, सगळं गावच चालताना दिसतं. तरीही तळ पडायला गोंधळ होत नसे. कारण बिनीवाला पहाटेच पुढे जाऊन शिंद्यांच्या डेऱ्याच्या जागी पांढरं निशाण रोवी. त्या निशाणावरून बाजारांची निशाणं लागत, आणि मग मागून येणाऱ्या प्रत्येकाला आपली जागा आपसूक कळे.

फौजा गेल्या, डेरे गेले. ज्यांना कुटुंब घरी ठेवणं शक्य नव्हतं आणि हत्तीही परवडणार नव्हते, ते मात्र अजून याच वाटांनी चालतात.

दिवाळी उलटली की पारनेर, संगमनेर भागातले धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघतात. पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी हे त्यांतलं नावाजलेलं गाव. आळेफाटा, ओतूर करत काही जण माळशेज घाट उतरतात आणि मुरबाड-कल्याणच्या बाजूला भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात. काही जुन्नर-आंबेगावच्या शिवारांतच फिरतात. पावसाळा तोंडावर आला की सगळे पूर्वेच्या कोरड्या माळांकडे परततात, कारण सह्याद्रीचा पाऊस आणि चिखल मेंढराच्या खुरांना सोसत नाही. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांवर आयुष्य घालवलं. ही दैवतं समजून घ्यायला त्यांना आधी धनगरांची चाल समजून घ्यावी लागली.

वाडा म्हणजे एकत्र चालणारी काही घरं. सकाळी दोन फळ्या पडतात. पुरुष मेंढरं घेऊन चरत-चरत आडवाटेनं जातात. बायका, पोरं आणि लादलेली घोडी सरळ वाटेनं पुढच्या मुक्कामाला निघतात. मेंढरू चरल्याशिवाय चालत नाही आणि घोडं ओझ्याखाली उभं राहत नाही. दोघांची चाल वेगळी, म्हणून वाटही वेगळी. पुरुष दिवस मावळता तळावर येतात तेव्हा चूल पेटलेली असते. या मांडणीचा अर्थ असा की तळ टाकणं आणि तळ उचलणं हे जवळजवळ पूर्णपणे बायकांचं काम आहे.

जागा मात्र त्याआधीच ठरलेली असते. वाड्यातला जाणता माणूस पुढच्या गावात शेतकऱ्याशी बोलणी करून येतो. मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंडी आणि मुतानं जमीन खतावते. त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. किती रात्री, कोणत्या तुकड्यात, पाणी कुठलं, हे आदल्या दिवशीच ठरतं. बिनीवाल्याचं निशाण इथे तोंडी असतं. शेतकऱ्याला एकाच तुकड्यात खत नको असतं, म्हणून एकाच शेतातसुद्धा मेंढरांची जागा रोज सरकते.

घोडीवर बिऱ्हाड लादण्याचं शास्त्र मुलीला लहानपणापासून शिकावं लागतं. दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं, नाहीतर चालता-चालता खोगीर कलतं आणि सगळं मातीत जातं. जड भांडी, धान्याची पोती खाली, अंथरूण-पांघरूण त्यावर, वर कोंबड्या पाय बांधून. चालू न शकणारी पोरं आणि नुकती जन्मलेली कोकरंही याच ओझ्यात बसतात. उतरवताना पहिला मान कोकरांचा. त्यांना डालग्याखाली झाकून ठेवतात, म्हणजे ती भटकत नाहीत आणि संध्याकाळी आया ओरडत आल्या की ज्याला त्याला आपलं सापडतं. मग घोडी मोकळी होतात, तीन दगडांची चूल लागते, कोणी पाण्याला जातं, कोणी सरपणाला. पुरुष येण्याआधी मेखा ठोकून वाघर ताणली जाते. मेंढरं कोंडायची ही जाळी ताणायला आणि गुंडाळायला सोपी असते, हलकी असते, आणि तिच्या चारी बाजूंना कुत्री बसली की भिंतीची गरज उरत नाही.

पाल मात्र रोज ठोकलं जात नाही. कार्तिकापासून वैशाखापर्यंत आभाळ कोरडं असतं. सामान एका बाजूला रचायचं, त्याच्या आडोशाला घोंगडी अंथरायची आणि उघड्यावर झोपायचं. वळवाचा ढग दिसला तरच पाल उभं राहतं. पूर्वी ते घोंगड्यांचं किंवा गोणपाटाचं असे, आता ताडपत्री किंवा प्लास्टिकच्या कागदाचं. वाडा चटकन उठतो यामागचं हे मोठं कारण आहे: गरज नसलेली वस्तू गाठोड्यातून बाहेरच येत नाही.

ढवळपुरीनं मेंढपाळ दिले तसा चंद्रकांत ढवळपुरीकरांचा गाजलेला तमाशाचा फडही दिला. फडाची वाटही याच पट्ट्यातून, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावातून जाते. जुन्नर तालुक्यातलं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. भाऊ आणि बापू मांग नारायणगावकर या भावांचा फड इथला, आणि भाऊंची लेक विठाबाई ही त्या फडाची सम्राज्ञी. तिचा जन्म १९३५चा, मृत्यू १५ जानेवारी २००२चा. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा दोनदा गौरव झाला, १९५७ आणि १९९०मध्ये. १९६२च्या युद्धात जवानांपुढे तिनं कला सादर केली. तिची लेक मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. तालुक्यातल्याच शिरोलीचा दत्तोबा तांबे यांचा फडही नावाजलेला. आजा, लेक, नात असा वारसा चालतो तेव्हा फड म्हणजे नाटक मंडळी राहत नाही, ते फिरतं घर होतं. भर खेळात कळा सुरू झाल्यावर विठाबाई पडद्यामागे बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही तिच्याबद्दलची सर्वांत जास्त ऐकिवात असलेली गोष्ट. पडद्यामागची ती जागाच तिच्या संसाराची होती.

फडांचे ढोबळ दोन प्रकार. हंगामी फड गावजत्रेच्या सुपारीवर जातात. तंबूचे मोठे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात, तिकीट लावून खेळ करतात, आणि वैशाखापर्यंत घरी परतत नाहीत. या दुसऱ्या प्रकाराला रोज एक छोटं गाव उभं करावं लागतं: कनात, रंगमंचाचे लोखंडी पाइप आणि फळ्या, पडदे, दिवे, जनरेटर, तिकिटाची खिडकी, रंगपटाची राहुटी, स्वयंपाकाची जागा. बैलगाडीच्या काळात पल्ला लहान होता आणि सामान बेताचं. ट्रक आले तसा पल्ला वाढला आणि सामानही वाढलं. वगात ट्रिकसीन, आग, पाऊस, उडत्या गाड्या दाखवायची चढाओढ लागली आणि त्या प्रत्येक चमत्काराचं ओझं पहाटे कोणालातरी ट्रकमध्ये चढवावं लागलं.

इथलं गणित धनगरांच्या अगदी उलट चालतं. वाड्याला अंधार पडायच्या आत स्थिरावायचं असतं, फडाचा दिवस अंधारानंतर सुरू होतो. खेळ संपला की त्याच रात्री तंबू उतरवून ट्रक पुढच्या गावाला लावायचे, म्हणजे दुपारपर्यंत कनात उभी राहते. त्यामुळे तंबू उतरवण्याचा क्रम खेळाच्या क्रमाशी बांधलेला. तिकीटविक्री थांबली की खिडकी मोकळी, वगाचा प्रवेश झाला की त्याचा पडदा मोकळा. बोर्डाच्या फळ्या मात्र शेवटच्या नाचापर्यंत हलत नाहीत. जे शेवटी निघतं ते ट्रकमध्ये शेवटी चढतं, आणि दुसऱ्या गावात नेमकं तेच पहिल्यांदा हवं असतं. कलावंत गाडीत झोपतात आणि तंबूचे कामगार जागे राहतात. दुपारी कामगार झोपतात तेव्हा कलावंत वेण्या घालत, घुंगरं तपासत बसलेले असतात.

फड रस्त्यावर असतानाच त्याचं दुसरं ठाणं नारायणगावात लागतं. पाडव्याच्या आगेमागे हमरस्त्याच्या कडेला राहुट्यांची रांग उभी राहते. प्रत्येक फडाची एक राहुटी, दारावर फलक, आत व्यवस्थापक आणि तारखांची वही. चैत्र-वैशाखातल्या जत्रांसाठी गावोगावचे पंच इथे येतात, दोन-चार राहुट्या फिरून घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. पुढचे मुक्काम इथे ठरतात. उद्या फड कुठल्या पटांगणात उतरणार, तिथे ट्रक जाईल का, पाणी-वीज कोण देणार, हे फड पोचायच्या कितीतरी आधी या कापडी कचेरीत पक्कं होतं. पेशखान्याचंच काम, फक्त कचेरी जागेवर आणि तळ फिरता.

२०२०मध्ये गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. वर्षाची कमाई ज्या महिनाभरात व्हायची, तोच महिना गेला. पुढच्या वर्षी करोनाची दुसरी लाट ऐन जत्रांच्या दिवसांत आली. दोन उन्हाळे तंबू गुंडाळलेलेच राहिले, आणि ज्यांचा सगळा संसार चालत्या तळावर चालतो त्यांना एका जागी बसणं किती महाग पडतं हे तेव्हा उघडं झालं.

या मुलखात तिसरा मोठा मुक्काम पडतो तो उसाच्या कडेला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने जुन्नर-आंबेगावचे. दसरा-दिवाळीनंतर गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीड, पाथर्डी भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. राहायला कोपी: बांबूच्या कामट्या वाकवून किंवा तिकोनी उभ्या करून त्यावर चटया, पाचट, प्लास्टिकचा कागद. बैलगाडीवाल्यांचं गाडी सेंटर बहुधा एका जागी राहतं, तिथल्या कोप्यांना हंगामभराचा आकार येतो. ट्रक-ट्रॅक्टरवर भरणाऱ्या टोळ्यांना मात्र ऊस संपला की उसाच्या नव्या फडामागे गावोगाव सरकावं लागतं. दिवसभर तोडणी आणि भरणी करून आलेल्या बाईलाच कोपी सोडायची आणि नव्या बांधावर उभी करायची असते. त्या श्रमाचा दर कुठल्याच करारात नसतो.

हा ऊस इथला जुना रहिवासी नाही. कुकडी प्रकल्पातून येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं बांधली गेली, कालवे फिरले आणि कोरडवाहू माळांवर बारमाही हिरवं आलं. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याचं नाव मागे राहिलं. पडीक रानं आटली तशा धनगरांच्या मुक्कामाच्या जागाही आटल्या. ज्या शेतात पूर्वी सुगीनंतर महिनोन्‌महिने मेंढरं बसत, तिथे आता ऊस उभा असतो किंवा पुढची लावण झालेली असते. शेतकऱ्याला खत हवं असतं, पण दोनच रात्रींपुरतं. म्हणजे तळ पूर्वीपेक्षा जास्त वेळा उचलावा लागतो.

उसात बिबट्या वाढला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरच्या हल्ल्यांनी हाहाकार उडवला होता, आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र याच अनुभवातून पुढे उभं राहिलं. उघड्यावर झोपणाऱ्या मेंढपाळांची आणि कोपीतल्या कामगारांची पोरं या हल्ल्यांना सर्वांत आधी सापडतात. वाघर मेंढरांना आत ठेवते, बिबट्याला बाहेर ठेवत नाही. अलीकडच्या वर्षांत वन विभागानं मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे वाटायला सुरुवात केली. ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पाल शक्यतो उघडलंच नाही, त्याला आता रोज रात्री चारी बाजूंनी बंद निवारा उभा करायचा आहे आणि सकाळी घडी घालायची आहे. दिवे दिवसा उन्हात ठेवावे लागतात, म्हणून चालत्या ओझ्यावर सगळ्यात वर आता त्यांनाही जागा करावी लागते.

घोड्यांची जागाही काही वाड्यांत पिकअप गाडीनं घेतली आहे. बादशहाला साठ हत्ती लागत, इथे लोक ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात तो एक टेम्पो दोन-तीन बिऱ्हाडं वाहून नेतो. पण घोडीचं ओझं दोन्ही बाजूंनी उतरतं, टेम्पोचं फक्त मागून. म्हणून चूल, तवा, पाण्याचा हंडा आणि कोकरांचं डालगं आता सगळ्यात शेवटी, फाळक्याजवळ चढतं. अंथरुणं आणि धान्याची पोती टपाला टेकून आत जातात. पाऊस भरून आला असेल तर मात्र ताडपत्री सगळ्यांच्या आधी हाताला लागेल अशी बाहेरच ठेवतात. आळेफाट्याच्या चौकात दिवाळीनंतर असे टेम्पो कल्याणच्या रस्त्याला वळतात, आणि त्यांची मेंढरं त्या वेळी मागे कुठेतरी शिवारातून चरत येत असतात.